आवाज येतोय, चित्र नाही : आईच्या पेटीच्या शिकवणीचे सव्वीस दिवस

पैसे भरून घेतलेला व्हिडिओ चालत नाही, तेव्हा पहिला संशय माणूस स्वतःवरच घेतो. माझी आई तीन आठवडे एकच वाक्य म्हणत होती, "मीच काहीतरी चुकीचं दाबलं असेन गं." तिने काहीच चुकीचं दाबलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या आईला असं वाटू नये म्हणून १४ जून ते १० जुलै २०२५ या काळात काय काय घडलं ते तारखेनिशी लिहून काढते आहे. दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीची मागची पानं मी त्यासाठीच वापरली होती, म्हणून सगळं जागच्या जागी सापडलं.

आई मिरजेला एकटी राहते, मी सांगलीत. तिच्या वडिलांची पेटी (हार्मोनियम) चाळीस वर्षं माळ्यावर पडून होती. मिरजेत वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांची वाण नाही. मे महिन्यात पेटी खाली काढली, भात्याचं कातडं बदलून घेतलं, दोन सूर नवे बसवले. २,२०० रुपये लागले. शिकवायला घरी येणारं कुणी मिळेना आणि आईला जिने चढवत नाहीत. शेवटी एका संगीतशिक्षण देणाऱ्या संकेतस्थळावरचा व्हिडिओंचा अभ्यासक्रम घेतला. ४८ धडे, एक वर्षाची मुदत, दोन उपकरणांवर चालेल, ६,४९९ रुपये. पैसे परत मिळणार नाहीत, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. व्हिडिओ उतरवून घेता येणार नाहीत आणि त्यांना कॉपी-संरक्षण आहे, हेही होतं. त्याला माझी हरकत नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी एवढी मेहनत घेतलेली, ती फुकट फिरवली जाऊ नये हे मला पटतं. मात्र हे संरक्षण कुठल्या पडद्यावर चालतं आणि कुठल्या नाही, याबद्दल एक ओळही नव्हती. पुढचा सगळा त्रास त्या न लिहिलेल्या ओळीचा.

शनिवार, १४ जून. माझा जुना लॅपटॉप आईला दिला होता, त्यावर क्रोममध्ये लॉगिन केलं. आधी ओटीपीसाठी तिच्या मोबाइलवर लॉगिन केलं होतंच, म्हणजे एक उपकरण तिथे लागलं. पहिल्या धड्यावर क्लिक केलं. गोल फिरत राहिला आणि अर्ध्या मिनिटाने पाटी आली की परवाना मिळू शकला नाही. खाली एक क्रमांक. त्यांच्या मदतीच्या पानावर सल्ला होता, ब्राउझरमधला साठलेला डेटा आणि कुकीज पुसून टाका. मी पुसल्या. पुन्हा लॉगिन केलं, तर आता नवीच पाटी, उपकरणांची मर्यादा संपली.

हे आधी ठाऊक असतं तर आठवडा वाचला असता. असे बरेच व्हिडिओ-प्लेअर ब्राउझरची ओळख त्यात साठवलेल्या खुणेवरून ठेवतात. कुकीज पुसल्या की तोच लॅपटॉप त्यांच्या लेखी तिसरं उपकरण होतो. दुसरा ब्राउझर उघडून बघितला तरी तेच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, उपकरणांची मर्यादा असेल तर कुकीज पुसणं हा उपाय सगळ्यात शेवटी ठेवा. आधी गुप्त खिडकीतही (इनकॉग्निटो) उघडून बघू नका, तीही वेगळी मोजली जाऊ शकते.

१५ तारखेला मी ईमेल लिहिला. १७ ला तिकीट क्रमांक आला, सोबत तेच सात उपाय, त्यात पुन्हा कुकीज पुसा. १८ ला मी परत लिहिलं की पुसल्यामुळेच अडकलो आहोत. मधल्या दिवसांत आई रोज संध्याकाळी पेटीवरचं कापड काढायची, भाता हलवून बघायची आणि पुन्हा कापड घालायची. फोनवर मला खोदून विचारायची नाही, पण "आज काही आलं का?" एवढं हळूच म्हणायची.

शनिवारी, २१ जूनला मी मिरजेलाच होते. लॅपटॉपवर मेल उघडला तर त्यांचं उत्तर आलेलं, उपकरणांची यादी मोकळी केली आहे. वेळ दिसत होती २० जून, रात्री १०:१०. मी म्हटलं, "आई, काल रात्रीच आलंय गं, आपण बघितलंच नाही."

"काल रात्री कसं येईल? मी साडेदहाला मोबाइल बघूनच झोपले. नव्हतं."

तिचा मोबाइल उघडला. तोच मेल, तेच शब्द, वेळ आज सकाळी १०:४०. म्हणजे आत्ताच आलेला. एकच पत्र दोन ठिकाणी बारा-साडेबारा तासांच्या फरकाने कसं येतं? लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ तर बरोबर होतं. त्यावर उजवी टिचकी मारून तारीख-वेळेची सेटिंग उघडली, तेव्हा उलगडलं. घड्याळाचे आकडे भारताचे होते, पण टाइम झोनच्या जागी अमेरिकेतला पॅसिफिक टाइम होता. दीड वर्षापूर्वी दुकानात विंडोज नव्याने टाकून घेतलं तेव्हा झोन तसाच राहिला असणार आणि कुणीतरी आकडे हाताने जुळवून दिले असणार. आपल्या डोळ्यांना वेळ बरोबर दिसत होती. लॅपटॉप मात्र जगाला सांगत होता की मी साडेबारा तास पुढे आहे.

संरक्षित व्हिडिओ चालू होताना सर्व्हरकडून किल्ली येते, तिच्याबरोबर परवाना असतो आणि त्या परवान्याला मुदत असते. कधी काही तासांचीच. आमचा लॅपटॉप साडेबारा तास पुढे, म्हणजे परवाना हातात पडतानाच शिळा. बाकीची संकेतस्थळं नीट उघडत होती, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत महिन्यांची असते, अर्ध्या दिवसाने त्यांचं बिघडत नाही. म्हणून घड्याळाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. झोन मुंबई-दिल्लीचा केला, वेळ आपोआप जुळवून घेण्याचं बटण सुरू केलं, 'आत्ता जुळवा' दाबलं, ब्राउझर बंद करून उघडला. पहिला धडा सुरू झाला.

शिकवणाऱ्या बाईंनी नमस्कार म्हटलं तेव्हा आईनेही हात जोडले.

पण काम अर्धंच झालं होतं. मार्चमध्ये आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजवा अजून व्हायचा आहे. पेटी पुढ्यात, लॅपटॉप पेटीच्या पलीकडे स्टुलावर, चौदा इंची पडदा. बोटं कुठल्या पट्टीवर आहेत हे तिला दिसेना. ज्याने पेटी शिकली आहे त्याला ठाऊक आहे, सुरुवातीला सगळा खेळ बोटांचा. सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने, आणि म वर जाताना अंगठा त्या दोन बोटांच्या खालून सरकून पुढे येतो. हे कानाने कळत नाही, बघावंच लागतं. म्हणून मोठा पडदा हवा.

दादाकडे पुण्यात बावीस इंची जुना मॉनिटर पडून होता, तो आणवला. त्याला फक्त व्हीजीएचं निळं, पिनांच्या तारेचं भोक, लॅपटॉपला एचडीएमआय. मध्ये जोडायला कन्व्हर्टर घेतला, ५५० रुपये. २८ जूनला जोडलं. विंडोजचा सगळा पडदा झकास मोठा दिसला. फुकट व्हिडिओंच्या साइटवर एक भजन लावून बघितलं, तेही चाललं. मग आमचा धडा लावला. बाईंचा आवाज स्वच्छ आला आणि मॉनिटरवर जिथे व्हिडिओ असायला हवा तिथे काळा चौकोन. त्याच्या भोवतीचं पान, धड्याचं नाव, बटणं सगळं जागेवर. फक्त चित्र नाही.

बाई म्हणाल्या, "आता माझ्या अंगठ्याकडे नीट बघा." आईचा अंगठा पट्टीच्या वर तसाच अधांतरी राहिला. मी व्हिडिओ थांबवला. "राहू दे गं," ती म्हणाली, "आवाज तर येतोय ना, मी ऐकून ऐकून बघेन." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ६,४९९ रुपये माझ्या एका महिन्याच्या घरखर्चातले होते, पण वाईट पैशांचं नव्हतं. ती मागे हटत होती, त्याचं होतं.

दुकानदार म्हणाला कन्व्हर्टरच खराब, बदलून दिला. दुसऱ्यानेही तेच. मग मी रात्री वाचायला बसले. घरातल्या माणसांना सांगावं तसं सांगते. इंटरनेटवरच्या विकत घेतलेल्या व्हिडिओंना साधारण तीन मोठी कुलुपं असतात, गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी आणि ॲपलचं फेअरप्ले. वाइडवाइन ही आधी वेगळी कंपनी होती, २०१० मध्ये गूगलने घेतली. ब्राउझर आणि कुलूप यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचं मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सप्टेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, म्हणून आता वेगळं काही न टाकता क्रोम, फायरफॉक्समध्ये असे व्हिडिओ चालतात. फायरफॉक्समध्ये मात्र सेटिंगच्या सामान्य भागात डीआरएम (हेच ते कॉपी-संरक्षणाचं कुलूप) आशय चालवण्याची खूण केलेली आहे ना, ते बघून घ्यावं. क्रोममध्ये कंपोनंट्सचं पान उघडून वाइडवाइनच्या नावाखाली अपडेट तपासता येतं. मी ते केलं, आमचं अद्ययावतच होतं.

पण कुलूप ब्राउझरपाशी संपत नाही, हे मला नव्याने कळलं. लॅपटॉपमधून बाहेर जाणाऱ्या तारेवरही पहारा असतो. त्याला एचडीसीपी म्हणतात, मुळात इंटेल कंपनीने तयार केलेला. चित्र पाठवण्याआधी लॅपटॉप समोरच्या पडद्याला विचारतो, तुझ्याकडे ओळखीची किल्ली आहे का? एचडीएमआय असलेला टीव्ही सहसा हो म्हणतो. व्हीजीए ही जुनी ॲनालॉग पद्धत, तिच्यात असं उत्तर देण्याची सोयच नाही. मग संरक्षित चित्र तेवढं अडवलं जातं आणि आवाज येत राहतो. भजन चाललं कारण त्याला कुलूप नव्हतं. कन्व्हर्टर दहा बदलले असते तरी उपयोग नव्हता. आणि एक लक्षात ठेवा. लॅपटॉप आणि बाहेरचा पडदा दोन्हीकडे एकच चित्र दाखवत असाल, तर दोन्ही पडदे पात्र असावे लागतात. एक जरी नापास झाला तरी दोन्हीकडे काळं होऊ शकतं. आमच्याकडे तसंच होत होतं, तार काढली की लॅपटॉपवर चित्र परत यायचं.

दरम्यान मोबाइलवर बघून टाकू म्हटलं. आईच्या मोबाइलवर ॲपमध्ये धडा चालायचा, पण बोटं पुसट, पट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या. नेट चांगलं असूनही. प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फो नावाचं छोटं ॲप आहे, ते टाकून बघितलं. वाइडवाइनची पातळी एल-३ निघाली. एल-१ म्हणजे कुलूप उघडण्याचं काम फोनच्या चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात होतं. एल-३ म्हणजे ते नुसत्या सॉफ्टवेअरवर चालतं. अशा फोनला बऱ्याच सेवा कमी स्पष्टतेचंच चित्र देतात, साधारण ४८० ओळींचं. माझ्या फोनची पातळी एल-१ होती, पण तो जोडला तर पुन्हा तिसरं उपकरण. मोबाइलचा पडदा टीव्हीवर पाठवूनही बघितला. तिथेही आवाज आणि काळोख. संरक्षित ॲप आपला पडदा दुसरीकडे उमटू देत नाही, स्क्रीनशॉटही काळाच येतो. तिथे बिघाड शोधत बसू नका.

ही शेवटची गोष्ट मला २ जुलैला कामी आली असती. त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मिरजेला गेले, कारण त्यांच्या मदतकेंद्राने दूरून लॅपटॉप बघण्यासाठी दुपारी तीनची वेळ दिली होती. त्यांनी सांगितलेलं ॲप टाकलं. टाकण्याआधी बँकेची सगळी पानं बंद केली, आईला म्हटलं, ओटीपी आला तर कुणालाही वाचून दाखवायचा नाही. हे सगळ्यांनीच करावं, या ॲपच्या निमित्ताने फसवणाऱ्यांचं पीक आलेलं आहे. आणि अशा माणसाला आपण स्वतः अधिकृत पत्त्यावर लिहून बोलावलेलं असावं, समोरून आलेल्या फोनवर कधीही नाही.

तो मुलगा सभ्य होता. मी मॉनिटरची तार काढून आधी लॅपटॉपवर धडा लावून दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, काळंच दिसतंय. तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा प्रॉब्लेम आहे."

"अहो, माझ्यासमोर चालू आहे व्हिडिओ. बाई बोलतायत, दिसतायत."

"इकडे नाही दिसत मॅडम."

पाच मिनिटं आम्ही दोघं आपापल्या जागी खरं तेच बोलत होतो. दूरून पडदा बघणं हेही पडदा दुसरीकडे पाठवणंच, तिथेही कुलूप अडवणार. त्यामुळे अशा तक्रारीचा पुरावा देण्याचा एकच मार्ग उरतो, दुसऱ्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढायचा. मी लॅपटॉप आणि मॉनिटर शेजारी ठेवून तार जोडण्याआधीचा, जोडल्यानंतरचा आणि मागच्या निळ्या भोकाचा, असे तीन फोटो पाठवले. ४ तारखेला वरच्या टेबलावरून उत्तर आलं, व्हीजीए चालणार नाही, थेट एचडीएमआय वापरा. दोन ओळी. विकताना त्या सांगितल्या असत्या तर कन्व्हर्टरचे ५५० आणि माझी अर्धी रजा वाचली असती.

आईच्या हॉलमध्ये बत्तीस इंची टीव्ही आहे, २०१६ मध्ये घेतलेला. मागे एचडीएमआयची दोन भोकं, एकात सेट-टॉप बॉक्स, दुसरं रिकामं. ५ जुलैला पाच मीटरची तार आणली, ४५० रुपये. पेटी दिवाणापाशी असते, तिथपर्यंत पुरायला हवी होती, म्हणून अंतर सुतळीने मोजून मगच घेतली. जोडली. धडा लावला. आणि पुन्हा नाही. या वेळी पाटी वेगळी होती, स्क्रीन रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर चालू आहे.

मी कपाळाला हात लावला, पण वहीमुळे लगेच उमगलं. आधी चालत होतं तेव्हापासून काय बदललं? २ तारखेला टाकलेलं ते दूरून बघायचं ॲप. काम झाल्यावर खिडकी बंद केली होती, पण ते लॅपटॉप सुरू होताच मागे आपोआप चालू व्हायचं. प्लेअरला ते दिसलं की तो हटून बसायचा. कंट्रोल पॅनेलमधून ते काढून टाकलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. विंडोजमध्येच खेळ रेकॉर्ड करण्याची एक सोय असते, तीही सेटिंगमध्ये जाऊन बंद केली.

विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'फक्त दुसरा पडदा' निवडलं. टीव्हीवर बाईंचे हात आले. खऱ्या हातांपेक्षा मोठे.

एवढ्यावरही पडद्याच्या कडा कापल्या जात होत्या आणि नेमक्या खालच्या पट्ट्या दिसत नव्हत्या. टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या आकाराच्या पर्यायांत 'जस्ट स्कॅन' होतं, ते केल्यावर सगळं आत आलं. दुसऱ्या टीव्हींवर त्याचं नाव वेगळं असेल, चित्र पूर्ण बसवणारा पर्याय शोधायचा. आवाज आपोआप टीव्हीतून यायला लागला. नाही आला तर लॅपटॉपच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव निवडावं.

दुसऱ्या दिवशी आषाढी. उपवासाचं आटोपून आई दुपारी बसली, मी शेजारी. अंगठ्याचा तो भाग तिने अकरा वेळा मागे नेऊन बघितला, मी मोजले. आठव्या वेळी तिचा अंगठा सरकला, पण म ऐवजी प वर पडला. ती हसली नाही की थांबली नाही, भाता तसाच चालू ठेवून पुन्हा सा वर आली. गुरुवारी, १० जुलैला गुरुपौर्णिमा होती. त्या दिवशी तिने पहिला धडा पूर्ण केला. पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि टीव्हीसमोरही एक फूल ठेवलं.

मुदतीचं काम अजून बाकी होतं. वर्षाचे तीन आठवडे हातातून गेले होते. मी ७ जुलैला त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर लिहिलं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. ही माहिती सहसा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असते. मी पैसे परत मागितले नाहीत, कारण आईला शिकायचंच होतं. गेलेले दिवस मुदतीत जोडून द्या, एवढंच मागितलं. सोबत तारखांची यादी, तिकीट क्रमांक, पावती आणि तीन फोटो.

चार दिवसांत पोच आली नाही. ११ तारखेला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावला. सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पावतीचा क्रमांक, रक्कम, पैसे कसे भरले आणि मला काय हवं आहे ते विचारलं. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नुसती चीड सांगितली तर त्यांना पुढे काही कळवता येत नाही, नेमकी मागणी लागते. तक्रारीचा क्रमांक मोबाइलवर आला. पैसे काही लागले नाहीत. इथेही सुटलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता होता. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. तिथवर जावं लागलं नाही. १८ जुलैला विक्रेत्याचं पत्र आलं, मुदत तीस दिवसांनी वाढवली, १४ जुलै २०२६ पर्यंत. कोणत्या पडद्यांवर चालेल ते विक्रीच्या पानावर लिहा, अशीही विनंती मी केली होती. त्यावर उत्तर नाही. मी अजून दर महिन्याला एकदा ते पान उघडून बघते आणि पुन्हा लिहिते. ज्यांच्या घरात जुना मॉनिटर आहे त्यांना पैसे भरण्याआधी हे कळायला हवं.

वरखर्चाचं म्हणाल तर कन्व्हर्टर ५५०, तार ४५०, मिरजेच्या जादा फेऱ्या वेगळ्या. कुणी पुढे असा अभ्यासक्रम घेणार असेल तर मी म्हणेन, फुकट नमुन्याचा धडा आधी त्याच लॅपटॉपवर, त्याच तारेने, त्याच टीव्हीवर लावून बघा. मात्र नमुन्याला कुलूप आहे ना, हे विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी नमुना उघडाच ठेवलेला असतो, तो कशावरही चालतो. आणि अडकलात तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहून ठेवा. घड्याळ, ब्राउझर, मागे चालणारी ॲप, तार, पडदा, या क्रमाने गेलात तर पैसे खर्च होणारं सगळं शेवटी येतं.

आईचा लॅपटॉप विंडोज १० वर आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला, त्याचं काय करायचं ते ठरवावं लागेल. आत्ता तिचा बारावा धडा चालू आहे, राग भूप. गणपतीत आरतीला तिने पेटीवर सूर धरून ठेवला होता, शेजारच्या काकू येऊन उभ्या राहिल्या.

टीव्हीच्या मागे दुसऱ्या भोकाशी तिने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे. त्यावर बॉलपेनने, तिच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'पेटी'. सेट-टॉप बॉक्सवाला मुलगा आला की ती आधी त्याला ते वाचायला लावते.